सुट्टीच्या दिवसांतला धोक्याचा बावटा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला हळदीकुंकू, गाणी आणि कुणा बाहेरच्या विदुषींचे व्याख्यान असा आपला कार्यक्रम असतो. यंदा कार्यकारिणीने ठरविले की मंडळातल्याच कुणीतरी बोलावे आणि विषयही घरचाच घ्यावा. मला विषय मिळाला तो वादळाच्या इशाऱ्याचा. वादळाचा नव्हे, इशाऱ्याचा. वादळात कुणाचे काय गेले हे आपल्या दापोलीच्या किनाऱ्यावर सांगत बसायला नको. परंतु वादळ येणार असे कळल्यापासून ते येईपर्यंत जे एक-दोन दिवस हातात असतात, त्यांत माणसे काय बोलतात आणि कशी वागतात, हे मी गेली काही वर्षे पाहत आले आहे. तेवढेच सांगणार आहे.

पहिली गोष्ट अशी की आपल्या समुद्रातली चक्रीवादळे नेमकी सुट्टी गाठून येतात. भर पावसाळ्यात वरचे वारे फार जोराचे असतात, त्यामुळे वादळाला उभे राहायला सवड मिळत नाही. ती होतात बहुधा पावसाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, नाहीतर पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे एकदा आंब्याची सुट्टी आणि एकदा दिवाळीची. मुंबई-पुण्याची लेकरे घरी आलेली, पडवीत गाद्या पडलेल्या, आणि आपल्यापैकी पुष्कळजणी हल्ली पर्यटकांना खोल्या देतात, तर त्या खोल्याही भरलेल्या. अशा वेळी आलेला इशारा कुणाला ऐकावासा वाटणार? जो तो म्हणतो, "मेलं आत्ताच कुठं कडमडायचं होतं!"

२०१९ ची दिवाळी आठवा. धनत्रयोदशीच्या सुमाराला 'क्यार' नावाचे वादळ रत्नागिरीपासून सुमारे २०० किलोमीटरवर समुद्रात उभे होते. बंदरावर बावटा चढला, पाऊस लागला. कुणाच्या चकल्या तळून व्हायच्या होत्या, कुणाचे पाहुणे वाटेत होते. आणि वादळ काय, ओमानच्या दिशेला तोंड करून निघून गेले! लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ते चांगले महाचक्रीवादळ झाले होते, म्हणजे ताशी २२० किलोमीटरच्या वरचा वारा. पण तो आपल्याकडे नव्हता. त्याच्या पाठोपाठ त्याच सुट्टीत 'महा' नावाचे आले, तेही वळून गुजरातच्या वाटेवर समुद्रातच विरले. झाले. लोकांनी हिशेब मांडला, दोन इशारे आणि दोन्ही फुकट. "हवामानखात्याचं काय मनावर घ्यायचं, सांगतात पूर्व नि जातं पश्चिमेला," असे आमच्या ओटीवरच चहा पिता पिता किती जणांनी म्हटले.

त्या हिशेबात एक रक्कम कुणी धरली नाही. कापून ठेवलेले भात त्या पावसात शेतातच भिजले आणि त्याला मोड आले. ते नुकसान वादळाचेच होते, पण घराचे कौल उडाले नाही म्हणून वादळ आले नाही असे ठरले. मला वाटते, पुढच्या वर्षीची निष्काळजी त्या दिवाळीतच रुजली.

पुढचे वर्ष २०२० चे, निसर्ग वादळाचे. ते नाव बांगलादेशने दिलेले. आसपासच्या तेरा देशांनी मिळून नावांची नवी यादी केली होती, तिच्यातले हे अगदी पहिले नाव. वादळाला हे नाव मिळाले २ जूनला, आणि ३ जूनच्या दुपारी ते रायगडच्या किनाऱ्यावर चढलेदेखील. विचार करायला फुरसत ती किती! त्यात टाळेबंदीचे दिवस. चाकरमानी गावी आलेले, शाळांच्या वर्गांतून विलगीकरणात माणसे ठेवलेली, तेव्हा "पक्क्या इमारतीत जा" म्हटले तरी जायचे कुठे? शिवाय टी.व्ही.वर पाहावे तर सगळे मुंबईचे बोलणे. मुंबईला काय होणार, मुंबईचा पूल बंद, मुंबईची चौपाटी बंद. आमची माणसे म्हणाली, मुंबईला जाणार आहे ते, आपल्याला नुसता पाऊस. आणि झाले उलटेच. मुंबई थोडक्यात वाचली. श्रीवर्धन, म्हसळे, मंडणगड, दापोली यांनी मार खाल्ला.

त्या २ जूनच्या संध्याकाळी आमच्या वाडीत जी उत्तरे ऐकली ती मला अजून जशीच्या तशी आठवतात. एक आजोबा म्हणाले, "या भिंतींनी नव्वद पावसाळे काढलेत." मुंबईहून आलेले दोन तरुण मुलगे मोबाईल घेऊन पुळणीवर लाटांची चित्रे काढायला निघाले होते. आणि एक वाडीवाले काका शांतपणे म्हणाले, "सावध राहा म्हणतात. माड का घरात आणून ठेवू?" या शेवटच्या उत्तराला मी हसणार नाही. ते अगदी खरे उत्तर आहे. नुसते सावध राहा म्हटले की माणसाला त्याचे करायचे काय ते कळत नाही, आणि जे कळत नाही ते माणूस थट्टेवारी नेतो.

आकड्यांचेही तसेच. ताशी ११०-१२० किलोमीटर वारा, असे भोंगा लावलेली रिक्षा सांगत फिरली. ते किती, हे कुणाला उमगणार? मी आपला घरगुती दाखला देते. पळत्या गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला की वारा तो मागे लोटतो. गाडी ताशी ६० ने चालली असेल तर तो एवढा जोर. वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. आता तो चौपट जोर हाताऐवजी छपराच्या पत्र्याखाली शिरला असे समजा.

सगळ्यांत नीट ऐकले ते कोळी बंधूंनी, हे मी मुद्दाम सांगते. त्यांनी होड्यांचे दोर पुन्हा तपासले, दुहेरी बांधले. २००९ च्या नोव्हेंबरात 'फयान' वादळात आपल्या किनाऱ्यावरचे किती खलाशी परत आले नाहीत हे त्यांच्या घरांना ठाऊक आहे. तिथे बावट्याची थट्टा होत नाही.

आणि दुसरे कुणाचे ऐकले गेले म्हणाल तर आमच्या वाडीच्या अंगणवाडीच्या बाईंचे. त्या "सावध राहा" म्हणाल्याच नाहीत. दारोदार जाऊन एकेका घराला काम सांगत होत्या. काकू, उद्या सकाळी दहाच्या आत चूल उरका. गॅसचा कॉक बंद करा. पिण्याचे पाणी दोन दिवसांचे भरा. रेशनकार्ड, सातबारा, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला ठेवा. गुरांची दावी सोडा. आणि तुम्ही पाचही जणे अकराला समोरच्या स्लॅबच्या घरात या, त्यांना मी सांगून आले आहे. हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे होते. आपल्या बायकांना दुसऱ्याच्या घरी न बोलावता जाऊन बसण्याचा संकोच फार; मरण पत्करतील पण सात माणसांचे ओझे शेजारणीवर टाकणार नाहीत. बाईंनी तो संकोचच काढून टाकला. दुपारी फणसाचे झाड त्या पाच जणांच्या माजघरावर आडवे झाले. माणसे समोरच्या घरात चहा पीत होती.

त्यानंतर गावागावांतून वीज गेली ती काही ठिकाणी महिनाभर आली नाही, पोफळी आणि माड जमीनदोस्त झाले, ते सारे आपण भोगलेच आहे. एक माड धरायला सहा-सात वर्षे लागतात, तेव्हा त्या दुपारचा हिशेब आपण अजून चुकता करतो आहोत.

मग २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' आले. या वेळी वाऱ्याआधी भीतीच आली. बाजारात मेणबत्ती मिळेना, पत्र्यांवर दगड आणि दोर, म्हाताऱ्या माणसांना दोन दिवस आधीच हलवलेले. ते किनाऱ्याला समांतर वर सरकत १७ मेच्या रात्री गुजरातेत चढले. आपल्याकडे झाडे पडली, आंबा गळाला, पण निसर्गासारखे झाले नाही. की लगेच सुरू, "उगाच पळापळ केली!" मला या वाक्याचा राग येतो. त्याच दिवशी मुंबईजवळच्या समुद्रात, तेलविहिरींवर काम करणाऱ्या माणसांचा एक मोठा तराफा बुडाला आणि सत्तरावर माणसे गेली. इशारा त्या समुद्रालाही होता. इशारा म्हणजे काही ज्योतिषाने काढलेले भविष्य नव्हे. वादळाची वाट म्हणून जी रेघ दाखवतात ती रेघ नसून चांगला रुंद पट्टा असतो, आणि त्या पट्ट्यात आपले गाव आहे एवढेच सांगणाऱ्याला सांगता येते. वादळ पन्नास कोस बाजूने गेले तर आपण देवापुढे साखर ठेवावी. सांगणाऱ्याला खोटे पाडू नये. पाडले की त्याचे माप पुढच्या इशाऱ्याच्या पदरात पडते.

आता सुट्टीकडे वळते, कारण खरे बोलायचे ते यापुढेच आहे.

२०२३ च्या जूनमध्ये 'बिपरजॉय' वादळ आले. ते आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर होते आणि १५ जूनला कच्छात जखौ बंदराजवळ चढले. शाळा उघडायच्या होत्या, सुट्टीचे शेवटचे दिवस. त्या रविवारी, ११ तारखेला, गणपतीपुळ्याला लाटा पुळण ओलांडून दुकानांपर्यंत आल्या आणि पर्यटकांची दाणादाण उडाली. दुसऱ्या दिवशी मुंबईला जुहूच्या समुद्रात चार मुलगे बुडाले. वर आभाळ तसे बरे होते, वाराही फारसा नव्हता. दूरच्या वादळाच्या लाटा आधी येतात, वारा आला नाही तरी त्या येतात, हे शहरच्या मुलांना कुठून माहीत असणार? त्यांना समुद्र म्हणजे करमणूक. मला एका पाहुण्यांनी फोनवर विचारले, "ताई, तुमच्या गच्चीवरून वादळ दिसेल ना?"

आमच्याही घरी दोन खोल्या आहेत, म्हणून आता मी बोलते ते स्वतःला धरूनच बोलते. इशारा लागला की पाहुण्यांचा फोन येतो, "येऊ का?" त्या वेळी आपल्यापैकी काहीजणी सांगतात, "या की, इथं ऊन पडलंय." ऊन पडलेले असतेही. पण त्यांनी उन्हाची चौकशी केलेली नसते. मी असे सांगणाऱ्या भगिनींना दूषण देत नाही. मेच्या सुट्टीत वर्षाची कमाई व्हायची, खोलीला रंग काढताना कर्ज काढलेले, आणि एका घराने विसाराचे पैसे परत करून पाहुणे नाकारले की तेच पाहुणे चार घरे पलीकडे उतरलेले दिसतात. मग प्रामाणिकपणाचा भुर्दंड एकटीनेच का सोसावा, हा प्रश्न गेल्या मासिक बैठकीत एका वहिनींनी विचारला, तो मला रास्त वाटतो.

म्हणून माझे म्हणणे असे की हे एकटीदुकटीने करायचेच नाही. नारंगी किंवा लाल इशारा लागला की खोल्या देणाऱ्या आपल्या सगळ्या घरांनी एकच उत्तर द्यायचे, तारीख पुढे घ्या किंवा विसार परत घ्या. सगळ्यांचे उत्तर एक झाले तर नुकसान वाटले जाईल. जे पाहुणे आधीच उतरले असतील त्यांना पुळणीवर जाऊ द्यायचे नाही. रागावले तर रागावू द्यावे. आणि मध्येच वारा एकदम पडला तर कुणाला अंगणातसुद्धा सोडू नये. वादळाचा डोळा डोक्यावरून जात असला की अशी शांतता पडते आणि मग उलट्या दिशेने दुप्पट त्वेषाने सुरू होते. त्या शांततेत छपरावर चढणारी माणसे फार.

दुसरे, अंगणवाडीच्या बाईंचे काम दर वेळी त्यांच्या एकटीच्या गळ्यात नको. हळदीकुंकवाच्या टेबलाशेजारी एक वही ठेवली आहे. तिच्या डाव्या पानावर आपल्या आळीत एकट्या राहणाऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरे लिहावीत. उजव्या पानावर, ज्यांच्या घरावर स्लॅब आहे त्यांनी, आपल्याकडे किती माणसे बसतील तो आकडा लिहावा. पहिल्या ओळीवर मी आमच्या घराचा लिहिला आहे, बारा. गुरांचा निराळा विचार करावा लागेल, तो पुढच्या बैठकीत करू. वही आज रात्रीपर्यंत इथेच आहे. ज्यांना लवकर निघायचे आहे त्यांनी वाण घ्यायच्या आधी लिहून जावे.