सक्ती, सवलत आणि आपलं छप्पर

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



शाळेत असताना आम्ही धुळ्यात पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत राहायचो. मे महिन्यात दुपारी तिथे बसवत नसे. पत्र्याखाली काहीतरी लावून द्या, असं वडिलांनी घरमालकांना दोनदा विनवलं. त्यांनी हसून टाळलं. वडीलही स्वतः खर्च करायला धजावले नाहीत, कारण खोली कधी सोडावी लागेल याचा भरवसा नव्हता.

घरात वीज कमी लागावी म्हणून सक्ती करावी की सवलत द्यावी, हा वाद ऐकला की मला ती खोली आठवते.

सक्तीने काम होतं, पण ते दुकानात. एसीवर स्टार लेबल २०१० पासून सक्तीचं झालं, छताच्या पंख्यावर २०२३ पासून. साधा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. आपल्याकडे उन्हाळ्यात पंखा दिवसाचे पंधरा तास फिरतो. म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. एलईडी बल्बला तर अनुदानही लागलं नाही. सरकारी यंत्रणेने एकगठ्ठा खरेदी केली आणि २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला.

पण उभ्या घराचं काय? घरांसाठी २०१८ मध्ये आलेली 'इको निवास संहिता' मुख्यतः नव्या बांधकामाचा विचार करते. जुन्या घरांवर सक्ती केली, तर पेन्शनवर जगणाऱ्याने खर्च कुठून करायचा? आणि सवलत मालकालाच मिळते. छतावरच्या ३ किलोवॅट सोलरला केंद्राचं ७८ हजारांचं अनुदान आहे, पण भाडेकरूला छतच नाही. खर्च मालकाचा, बिल भाडेकरूचं. गाडी इथेच अडते.

आता कबुली देते. जळगावात आमचं घर आहे, वरच्या मजल्यावर भाडेकरू राहतात. त्या ताई दोन उन्हाळे सांगत होत्या, "रात्रीसुद्धा स्लॅब तापलेला असतो, पंखा गरम वारा फेकतो." मी "बघते" म्हणत राहिले. बिल माझं नव्हतं ना! गेल्या वर्षी एकदम ते धुळ्याचे घरमालक आठवले आणि माझीच मला लाज वाटली. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारून घेतले. खर्च एका महिन्याच्या भाड्याहून कमी आला. ताईंचा निरोप आला, "मुलं आता वर झोपतात."

म्हणून माझं मत असं: विक्रीच्या वस्तूंवर सक्ती हवी, स्वतःच्या जुन्या घरात राहणाऱ्याला मदत हवी. आणि जो घर भाड्याने देतो, त्याला मालमत्ता करात सवलत जरूर द्या, पण काही वर्षांनी छप्पर थंड ठेवणं ही त्याची जबाबदारीच ठरवा. भाडं घेतो, तर राहण्याजोगं घर द्यायला नको का?

आपल्यापैकी बरेच जण आज घरमालक आहेत. कायदा येईल तेव्हा येईल. येत्या मार्चमध्ये, ऊन तापायच्या आधी, एकदा आपल्या भाडेकरूच्या खोलीत दुपारी दोन वाजता बसून बघा.