माइकची वायर

(कृषी विस्तार कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण, मांजरी)



 

मांजरीची ओळख तुम्हाला करून द्यायला नको. वांग्याच्या 'मांजरी गोटा' वाणाला या गावानं नाव दिलं. 1975 साली ऊस उत्पादक शेतकऱ्यांनी उभी केलेली संस्था, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, इथली. 1997 पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही इथंच. 2021 मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेलं, तरी शेतीचं शास्त्र अजून इथूनच बाहेर पडतं. ते बांधापर्यंत न्यायचं काम आपलं. म्हणजे आपला धंदा शेवटी बोलण्याचाच.

पत्रिकेत माझ्या नावापुढं 'संवादकौशल्ये : एक आढावा' असं छापलंय. आढावा घेतो. पण त्याआधी एक गोष्ट बोलतो, जिच्यासाठी मी तीस वर्षं थांबलोय. आपण शेतकऱ्याच्या प्रश्नांची वेळ खाल्ली.

कुठलीही पत्रिका काढा. शेवटून दुसरी ओळ असते 'प्रश्नोत्तरे'. तिच्याआधी दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ, मग ज्यांचं नाव राहून गेलं त्यांचं पुन्हा श्रीफळ. आणि शेवटी सूत्रसंचालक म्हणतो, "वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत." नारळाला वेळ आहे, माणसाला नाही!

आता माझंच पाप सांगतो. एका गावात 'पाचट जाळू नका' यावर बोललो. ऊस तुटल्यावर एकरी तीन-चार टन पाचट, म्हणजे वाळका पाला, निघतं. ते कुजवायला टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट, किलोभर जिवाणू संवर्धक. सगळं तोंडपाठ. आवाज चढवला, मातीचं ऋण वगैरे आणलं. टाळ्या पडल्या. आठवड्यानं त्याच रस्त्यानं गेलो, तर दोन्ही अंगाला काळी रानं. पारावर एक म्हातारबा बसलेले. म्हणाले, "साहेब, सरीत पाचट टाकल्यावर पाणी पुढं सरकंल का? लाइट रातीची, ती बी चार तास."

मी म्हटलं, "एक आड एक सरीत पाचट दाबा, मोकळ्या सरीतनं पाणी द्या. पण बाबा, हे सभेत का नाही विचारलंत?"

"माइक वर हुता साहेब. वायर खाली पुरंना."

दोन मिनिटांचं उत्तर होतं. सभा अडीच तासांची झाली होती.

सकाळच्या सत्रात पडदा बरा की फळा, प्रमाण भाषा बरी की बोली, यावर आपले तरुण मित्र हिरिरीनं भांडले. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. भाषेचं म्हणाल, तर खताची मात्रा मी एकदा शुद्ध भाषेत, हेक्टरी सांगितली. ऐकणाऱ्याच्या डोक्यात एकर आणि गुंठा. त्यानं ती एकराला टाकली, म्हणजे अडीचपट. ऊस माजला आणि पहिल्या वाऱ्यात लोळला. त्याच्याबरोबर माझी शुद्ध भाषाही लोळली. त्याला एकदाच विचारलं असतं, "दादा, तुमचं रान किती, आणि पोती किती टाकाल?", तर तिथंच उमगलं असतं. तेव्हा पडदा लावा, फळा लावा, नाहीतर जमिनीवर काडीनं रेघ ओढा. त्यानं काय ऐकलं, हे त्याच्याच तोंडून कळल्याशिवाय तुमचं भाषण पुरं झालेलं नाही.

न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिथल्या खुर्चीत मीही बसलोय, आदर आहे. पण आपलं घराणं ते नव्हे. आपलं घराणं गाडगेबाबांचं. बाबा उभ्या कीर्तनात प्रश्न टाकत, आणि कर्ज, दारू, कोंबडं-बकरं कापणं, या सगळ्यावर गर्दीच उत्तर देई. बाबा 1956 साली गेले. तशी सभा नंतर माझ्या पाहण्यात नाही. आमच्या पिढीनं माइक मोठे केले आणि माणसं लांब बसवली.

करायचं काय? दर कार्यालयात एक प्रश्नवही असावी. ती कोणी ठेवायची, कुणी वाचायची, हे कार्यकारिणी बघेल. बोलीतल्या शेतीशब्दांची एक पुस्तिका निघावी. त्याबद्दल पुढच्या वर्षी सविस्तर बोलू. आढावा... राहिलाच.

ही बघा, सूत्रसंचालकांची चिठ्ठी आली. न उघडता सांगतो, वेळ संपलीय. अशा चिठ्ठ्या मीही पुष्कळ पाठवल्यात. आभारप्रदर्शन करणाऱ्यांनी जरा बसून घ्यावं. मागच्या रांगेत निळ्या टोपीतले दादा मघापासून हात वर करून आहेत. माइक त्यांच्याकडं न्या. वायर पुरत नसेल, तर थांबा, मीच खाली येतो.