मेथी भिजवा, पण गोळी सोडू नका

आम्ही कुपवाडच्या बचत गटाच्या बायका. आमच्यातल्या कितीतरी जणी हळद निवडायला जातात, घरी आलं तरी अंगाचा वास जात नाही. त्यामुळं हळद औषधी आहे, हे आम्हाला कुणी सांगायला नको. पण गटातल्या एका मावशींनी साखरेच्या गोळ्या बंद करून नुसता हळद-दालचिनीचा काढा धरला. तीन महिन्यांनी पायाची जखम भरेना म्हणून तपासलं, तर उपाशीपोटी साखर २८०! म्हणून आज हा विषय.

हळदीत कर्क्युमिन नावाचं पिवळं द्रव्य असतं, शंभर ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम. थायलंडमध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरची २४० माणसं घेऊन एक अभ्यास झाला, तो २०१२ साली छापून आला. निम्म्यांना नऊ महिने कर्क्युमिन दिलं, त्यांच्यात एकालाही मधुमेह झाला नाही. बाकीच्यांत शंभरातल्या सोळांना झाला. ऐकायला छान आहे. पण त्यांना रोज दीड ग्रॅम दिलं होतं. हिशोब करा, म्हणजे रोज पन्नास ग्रॅम हळद! कुणाच्या आमटीत मावेल? शिवाय ती माणसं आजार होण्याआधीची होती.

आम्हाला विचाराल तर मेथी जास्त कामाची. भिजवलेले दाणे बुळबुळीत होतात ना, तोच चिकट भाग पोटात जेवणातली साखर रक्तात सावकाश सोडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अभ्यासात रोज २५ ग्रॅम मेथी दिली होती, चिमूटभर नव्हे. भाकरीच्या पिठात मिसळली तर कडूपणा खपून जातो. मात्र गोळीसोबत मेथी वाढवली तर साखर फार उतरू शकते. घाम, थरथर सुटली की लगेच साखरपाणी घ्या, आणि मेथी चालू केल्याचं डॉक्टरांना सांगा.

दालचिनी जपून. बाजारातल्या जाड सालीच्या दालचिनीत कुमारिन असतं, रोज जास्त पोटात गेलं तर यकृताला त्रास.

गोळी म्हणजे केमिकल, असं बायका म्हणतात. पण मेटफॉर्मिनचा शोध लागला तो गॅलेगा नावाच्या युरोपातल्या झाडातल्या द्रव्यावरून, आणि ते झाड मेथीच्याच कुळातलं! फरक इतकाच, की गोळीत किती औषध आहे ते मोजलेलं असतं. बिनलेबलाच्या चूर्णात काय आहे, कोण सांगणार? अशा चूर्णांत इंग्रजी औषध मिसळलेलंही सापडलंय.

येत्या बैठकीला आशाताई येणार आहेत. घरातली चूर्णाची पुडी आणि गोळ्यांचं पाकीट, दोन्ही घेऊन या.