पट कमी का दिसतो

पट २० च्या खाली गेला म्हणून शाळा बंद करू म्हणतात. पट का पडतो ते आम्ही सांगतो. दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो, पोरंबी संगती. तेव्हाच येऊन मोजायचं, अन् पोरं नाहीत म्हणायचं! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या नियमात सहावी ते आठवीची शाळा ३ किलोमीटरच्या आत पाहिजे. ओढा भरला तर तेवढंबी लांब. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक, अन् निम्म्या बाया लागतात. आपल्यातल्या किती नुसत्या अंगठ्यापुरत्या? आठवीतल्या पोराला वनहक्काचा दावा वाचता येत नाय, हे समितीत विचारायचं. भट्टीला निघायच्या आधी पोरांची यादी करा, हंगामी वसतिगृह लेखी मागा, पोच घ्या.