शूराची जमीन
(ज्युबिली-महोत्सवांत विंचूर येथें केलेलें भाषण)

या आनंदाच्या दिवशीं एका परक्या गृहस्थाचें स्मरण आम्ही आपणांपुढें ठेवीत आहों. ते आपल्या धर्मग्रामाचे नव्हते, आपल्या गांवचेही नव्हते. त्यांचा जन्म आरमारांत गेला, आणि विंचूर तर समुद्रापासून दूर, कांद्याद्राक्षांच्या मुलखांत वसलेलें. तरी शिपाईबाणा म्हणजे काय हें या गांवास शिकवावें लागत नाहीं. पानिपतच्या रणांतून जिवंत परतलेले सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या जहागिरीचें हें ठिकाण. शूरास जमीन देण्याची चाल आपल्या देशांत जुनी आहे. परंतु तरवार म्यान केल्यावर तो शूर त्या जमिनीवर कसा राहतो, हा खरा प्रश्न होय. त्याचें एक उत्तर कै. अ‍ॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांच्या चरित्रांत आम्हांस आढळतें.

त्यांचा जन्म मुंबईस माटुंग्यांत ५ सप्टेंबर १९३३ रोजीं झाला. १९४९ सालीं ते डेहराडून येथें सैनिकी शिक्षणास गेले व १९५३ सालीं भारतीय नौदलांत अधिकारी झाले. १९७१ च्या युद्धांत ‘बियास’ ही युद्धनौका त्यांच्या हुकुमतीखालीं होती. आपल्या आरमारानें बंगालच्या उपसागरांत नाकेबंदी केली, शत्रूची दर्यावरील वाट बंद पडली, आणि १६ डिसेंबर रोजीं ढाक्यास शत्रुसैन्य शरण आलें. त्या युद्धांतील कामगिरीबद्दल त्यांस वीरचक्र मिळालें. पुढें ३० नोव्हेंबर १९९० पासून ३० सप्टेंबर १९९३ पर्यंत ते नौदलाचे प्रमुख होते.

हा झाला बाहेरचा मान. आतां घराकडे पाहूं. त्यांच्या पत्नी ललिताबाई या अ‍ॅडमिरल रामदास कटारी यांच्या कन्या. हे कटारी १९५८ सालीं नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. नवरा दर्यावर असतां घर कसें सांभाळावें लागतें, हें ललिताबाईंनीं माहेरींच पाहिलेलें होतें. परंतु त्या केवळ वाट पाहत बसल्या नाहींत. प्रौढशिक्षणाच्या कार्यांत त्यांनीं स्वतःचें नांव मिळविलें. या दांपत्यास तीन मुली. आणि या तीन मुलींचे वडील नौदलाचे प्रमुख असतांनाच, १९९२ सालीं, वैद्यकीय शाखेबाहेरही स्त्रियांना अधिकारी म्हणून घेण्यास नौदलानें प्रारंभ केला. मुलींच्या बापांनो, घरांत एक न्याय आणि कचेरींत दुसरा, असें या गृहस्थानें केलें नाहीं, हें ध्यानांत घ्या.

याहून मोठी कसोटी निराळीच होती. त्यांच्या एका कन्येनें पाकिस्तानी तरुणाशीं विवाह केला. ज्या देशाशीं आपण लढलों, त्याच देशांतला जांवई! किती घरांचीं दारें अशा वेळीं बंद झालीं असतीं! या घराचें दार उघडें राहिलें.

सेवानिवृत्तीनंतर अलिबागजवळ भायमळा या खेड्यांत, पराक्रमाबद्दल मिळालेल्या जमिनीवर, हें दांपत्य शेती करून राहिलें. भारत व पाकिस्तान यांच्या सामान्य जनांत स्नेह वाढावा म्हणून रामदासांनीं अनेक वर्षें खटपट केली. २००४ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें, तें पाकिस्तानचे पत्रकार इब्न अब्दुर रहमान यांच्यासह. अण्वस्त्रांसही त्यांचा उघड विरोध होता. हें मत पुष्कळांस रुचलें नाहीं. या सभेंतही तें न रुचणारे बसले असतील, आणि त्यांच्याशीं आम्ही आज वाद घालणार नाहीं. इतकेंच म्हणतों कीं, ज्यानें तोफांच्या छायेंत कर्तव्य बजाविलें, त्यानें शांततेचा शब्द उच्चारला तर त्यास भित्रेपणा म्हणतां येत नाहीं. शत्रूशीं लढणें हें त्यांचें काम होतें. शत्रूचा द्वेष करणें हें त्यांनीं आपलें काम कधीं मानलें नाहीं. १५ मार्च २०२४ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षानंतर, त्यांचें देहावसान झालें.

बंधुभगिनींनो, आपल्या भागांतलेही मुलगे फौजेंत जातात आणि पेन्शन घेऊन परत येतात. मग पारावर बसून जुन्या गोष्टी सांगण्यांत उरलेले दिवस घालवावे, असा मोह होतो. तो सोडा. गांवांत बांधावरून भाऊ भावाशीं बोलत नाहीं; सासर-माहेरचें वैर पिढ्यान्‌पिढ्या चालतें. तेथें मध्यें उभें राहण्यास शिस्तीचा, धीराचा, वार झेललेला माणूसच पाहिजे. ज्याचें शौर्य कोणी नाकारीत नाहीं, त्यानेंच समेटाचा हात पहिल्यानें पुढें करावा. तो त्यास शोभतो, व इतरांस तो झिडकारणें कठीण जातें. आणि त्याचा आरंभ घरांत, पत्नीला व मुलींना समान मान देऊन होतो.

परमेश्वर दिवंगताच्या आत्म्यास चिरशांति देवो, व आपल्या घराघरांत तीच शांति नांदो.