पिकासोचें उतारवयांतील कुंभारकाम

कलावंताची कीर्ति दूरवर पोंचली म्हणजे त्याचें शिकणें संपलें, असा एक समज रूढ आहे. पाब्लो पिकासो या स्पॅनिश चित्रकाराच्या उत्तरायुष्यानें तो खोटा ठरविला. १८८१ मध्यें जन्मलेला हा चित्रकार १९४६ च्या उन्हाळ्यांत दक्षिण फ्रान्समधील व्हालोरी या कुंभारांच्या गांवीं गेला, तेव्हां त्याचें वय ६४ वर्षांचें होतें.

मातीशीं त्याची ओळख जुनी होती. १९०६ च्या सुमारास पॅरिसमध्यें पाको दुर्रिओ या शिल्पकाराच्या कार्यशाळेंत त्यानें मातीचें मस्तक घडविलें होतें. परंतु पुढें चित्रकलेनेंच त्याला गुंतवून टाकिलें. व्हालोरींत सुझान व जॉर्ज रामिये या दांपत्याच्या मादुरा कारखान्यांत त्यानें सहज म्हणून तीन लहान आकृति केल्या : एका वनदेवाचें मस्तक आणि दोन बैल. वर्षानें तो परतला, तेव्हां त्या भाजून जपून ठेवलेल्या त्याला आढळल्या. या खेपेस मात्र तो रेखाटनांची चळत घेऊनच आला होता.

चाकावर भांडें उठविणें हें वर्षानुवर्षांच्या सरावाचें काम. तें ज्यूल आगार हा कसबी कुंभार करी. त्यानें उतरविलेली सुरई किंचित् आळेपर्यंत पिकासोला थांबावें लागे. माती फार ओली असली तर आकार बसतो, सुकली तर तडकतो. मधल्या थोड्याच वेळांत ती हाताचें ऐकते. तेवढ्या अवधींत तो सुरईची मान वांकवी, पोट दाबी, आणि भांड्यांतून अंग आंखडून बसलेलें कबूतर प्रकट होई. हा पक्षी त्याच्या बालपणापासूनचा सोबती. चित्रकार असलेले त्याचे वडील कबुतरांचींच चित्रें काढण्यांत रमत.

घुबड त्याच्या जीवनांत उशिरां आलें. १९४६ च्या शरद्‌ऋतूंत आंतीब येथील ग्रिमाल्दी वाड्यांत तो चित्रें रंगवीत असतां पायाला इजा झालेलें एक लहान घुबड तेथें सांपडलें. पायास पट्टी बांधून त्यानें तें पाळलें. पुढें घड्याचें गोल पोट हेंच अनेकदां घुबडाचें अंग बनलें. त्याला वेगळें शरीर घडवावें लागलें नाहीं.

रंगांच्या बाबतींत मात्र त्याच्या हाताला नवी शिस्त लावून घ्यावी लागली. चित्रफलकावर रंग दिसतो तसाच राहतो, आणि न रुचल्यास पुसतां येतो. झिलईचा रंग भट्टीपूर्वी निस्तेज दिसतो; त्याचें खरें रूप अग्नि ठरवितो, आणि तोंवर कीर्तिमंतासहि नवशिक्याप्रमाणें वाट पाहावी लागते.

१९४८ मध्यें पिकासो व्हालोरींतच राहावयास आला. धातूच्या भांड्यांमुळें तेथील कुंभारांचा व्यवसाय मंदावला होता. त्याच्या वास्तव्यानें गांवाकडे पुन्हां लोकांचें लक्ष वेधलें. १९७३ मध्यें, वयाच्या ९१ व्या वर्षीं, तो निवर्तला. तोंपर्यंत मातीच्या हजारों वस्तु त्याच्या हातून झाल्या होत्या. त्यांतील पुष्कळ साध्या ताटल्या, सुरया आणि घागरीच आहेत. एवढ्या मोठ्या चित्रकारानें उतारवयांत गांवच्या कुंभाराशेजारीं बसून त्या घडविल्या, यांत त्यास कमीपणा वाटला नाहीं. आणि म्हणूनच त्या वयांतहि त्याला नवें कांहीं सांपडत राहिलें.