अदम्य

हार न मानणाऱ्या वृत्तीला इंग्रजीत ‘इनडॉमिटेबल’ म्हणतात. शब्द मूळचा लॅटिन. तिथं ‘डोमारे’ म्हणजे जनावर माणसाळवणं. संस्कृतातला ‘दम्’ धातू त्याच कुळातला. अजून जुवाखाली न आलेल्या खोंडाला संस्कृतात ‘दम्य’ म्हणत. जो कधीच वेसण घालून घेत नाही, तो अदम्य. आपला शब्द आणि इंग्रजांचा शब्द अशी ही सख्खी भावंडं. आपल्या अकलूजच्या घोडेबाजारात वावरणाऱ्यांना हा अर्थ वेगळा सांगायला नको.

या शब्दाची खरी कसोटी लागली, तीही अकलूजपासूनच. 1689 च्या फेब्रुवारीत मोगल बादशहा औरंगजेबाची छावणी इथं, नीरेकाठी होती. 1686 मध्ये विजापूर आणि 1687 मध्ये गोवळकोंडा त्यानं घेतलं होतं. संगमेश्वरला मराठ्यांचे राजे संभाजी महाराज पकडले गेल्याची बातमी त्याला इथंच मिळाली. अकलूजला त्यानं असदनगर असं नाव दिलं. 11 मार्चला महाराजांची हत्या झाली. नोव्हेंबरात रायगड पडला, येसूबाई आणि बाल शाहू कैद झाले. राजाराम महाराजांना दूर जिंजी गाठावी लागली.

राज्य बुडालं, असंच कुणालाही वाटलं असतं. पण संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी मोगलांची रसद तोडली, मोठमोठे सरदार धरून त्यांच्याकडून खंडणी वसूल केली. 1698 मध्ये जिंजीही गेली. 1700 मध्ये राजाराम महाराज वारले, तेव्हा त्यांच्या राणी ताराबाईंनी कारभार हाती घेतला आणि लढाई चालू ठेवली. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, माचणूरजवळ ब्रह्मपुरीला बादशहाचा तळ काही वर्षं पडून होता. 1707 मध्ये अहमदनगरला तो मेला. दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही. असदनगर हे नावही टिकलं नाही, अकलूज अकलूजच राहिलं.

या अठरा वर्षांत मराठे कितीदा तरी हरले. गड गेले, परत घेतले, पुन्हा गेले. त्यामुळे कधीच न हरणारा तो अदम्य, हा अर्थ मला अपुरा वाटतो. हरल्यावरही जुवाखाली मान देत नाही, तो अदम्य.

म्हणून माझं एक मागणं आहे. मुलांना विजयांच्या तारखा जरूर शिकवा, पण त्यांच्या शेजारी 1689 हे साल ठेवा. त्या वर्षी राजा गेला, राजधानी गेली, आणि तरीही लढायला माणसं उभी राहिली. आपल्या इतिहासातला मला सर्वांत अभिमानाचा वाटणारा भाग हाच आहे.